सपाट वळणात पुढचं चाक सटकतंय? आधी ब्रेक आणि रेसमधली फट मोजा

मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉस शिकणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. बर्म (बाहेरच्या कडेला मातीची भिंत) असलेल्या वळणात गाडी छान फिरते, टेबलटॉपवर (सपाट माथ्याच्या उडीवर) भीती वाटत नाही, पण सपाट, कडक मुरमाच्या वळणात पुढचं चाक न सांगता सटकतं आणि गाडी आडवी. टायर बदलून झाला, हवा कमी करून झाली, हँडल पुढे-मागे करून झालं. दोन रविवार बरे जातात आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच वळण, पुन्हा तोच खांदा.

हे परत परत होत असेल तर कारण बहुधा पडलेल्या जागेच्या चार-पाच मीटर अलीकडे असतं. तिथे पुढचा ब्रेक सुटलेला असतो आणि रेस अजून लागलेली नसते. गाडी नुसती घरंगळत असते. या रिकाम्या तुकड्याला इथे ‘फट’ म्हणू. खाली टायर, सॅग (भाराने शॉकअप किती बसतो ते), क्लिकर (शॉकअप कमी-जास्त कडक करायचे स्क्रू) वगैरे जे येईल, ते या फटीशी कसं जोडलेलं आहे ते बघत वाचा, नाहीतर पुन्हा पान्हा घेऊन गाडीभोवती फिरणंच होईल.

फटीत नेमकं काय होतं

ब्रेक लावला की भार पुढे येतो आणि पुढचे शॉकअप, म्हणजेच फोर्क, दबतात. नाक खाली गेल्यामुळे फोर्क उभा होतो, हँडल चटकन वळतं आणि पुढचा टायर मातीत रुतून बसतो. गाडी वळवायला याहून चांगली वेळ नाही. अशात ब्रेक एकदम सोडला तर दबलेला फोर्क उसळतो, नाक वर येतं आणि पुढच्या टायरवरचा भार उतरतो. नेमकं त्याच क्षणी तुम्ही गाडी झुकवता. म्हणजे टायरवर भार सर्वांत कमी असताना त्याच्याकडून आडवी पकड सर्वांत जास्त मागता. ओलसर मातीत एखाद वेळी निभावतं. वर बारीक गोल खडे आणि खाली सिमेंटसारखा मुरूम असेल तर नाही निभावत.

बर्ममध्ये हीच चूक होते, पण दिसत नाही, कारण मातीची भिंत चाकाला बाहेरून टेकू देते. म्हणून ‘बर्ममध्ये जमतं, सपाटावर जमत नाही’ असं कुणी म्हणालं की तंत्र अर्धंच बसलंय असं समजायला हरकत नाही.

रेस लागली की चित्र पालटतं. थोडीशी पण सलग रेस असेल तर चेन ताणलेली राहते, फोर्क एका उंचीवर टिकतो आणि गाडी गोलाई धरते. इथे रेस म्हणजे वेग वाढवणं नव्हे. चेनचं ढिलेपण निघेल एवढीच.

आकड्यात बघू. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. अर्ध्या सेकंदाची फट पडली तर गाडी चार मीटरहून जास्त अंतर काहीही न करता जाते, म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांच्या लांबीइतकं. ताशी ४० ला हेच अंतर साडेपाच मीटर होतं. लहान वळणाचा अर्धा भाग त्यातच संपतो.

मोजायला महागडं काही लागत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला, दोरीच्या किंवा टायरच्या कुंपणामागे कुणाला तरी फोन घेऊन उभं करा आणि सेकंदाला १२० फ्रेमच्या स्लो मोशनवर शूटिंग करा. फोर्क वर उठायला लागला ती फ्रेम आणि मागच्या चाकाने माती फेकायला सुरुवात केली ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा. ६० आल्या तर अर्धा सेकंद. नवख्यांच्या शूटिंगमध्ये ८०-९० सुद्धा निघतात, आणि गाडीवर बसलेल्याला तर वाटत असतं की ब्रेक सोडल्या सोडल्या रेस दिली होती. १५ ते २० च्या आत आलात की सपाट वळण भरवशाचं वाटू लागतं.

पडल्यावर आधी खूण वाचा

गाडी उचलून लगेच किक मारू नका. मार्शल मागच्यांना पिवळा झेंडा दाखवत असेल आणि मागून कुणी येत नसेल, तर दहा पावलं मागे चालत जा. दुसऱ्या गाड्या गेल्या की खूण मोडते, म्हणून हे सरावाच्या वेळीच करायचं. खाली बसा आणि वरचा फुफाटा बोटाने बाजूला करा.

चाक फिरत असेल तर बटन टायरच्या प्रत्येक बटणाचा ठसा सुटा आणि स्वच्छ उमटतो, पाटीवर शिक्के मारल्यासारखा. हे ठसे काही अंतर स्वच्छ आहेत आणि मग एकदम आडवे फरफटलेत, प्रत्येक ठशाला बाहेरच्या बाजूला शेपूट फुटलंय, असं दिसलं तर चाक फिरत असतानाच घसरलं. ही फटीची खूण. दहा पडण्यांपैकी बहुतेक याच जातीची निघतात.

ठसे मुळीच नाहीत, थापीने गिलावा ओढल्यासारखा गुळगुळीत पट्टा आहे आणि तो सरळ जात जात अचानक संपतो? मग गाडी झुकलेली असताना पुढचा ब्रेक जोरात धरलेला होता आणि चाक जाम झालं. भीतीने ऐन वळणात ब्रेक ओढणाऱ्यांची ही खूण. वरवर ही उलटी चूक वाटते, पण मूळ एकच: ब्रेकचं मुख्य काम वळणाआधी संपलेलं नव्हतं.

तिसरी खूण वळणाच्या मध्यानंतर दिसते. मागच्या चाकाने खणलेली खोल चर आणि पुढच्या चाकाचा ठसा हळूहळू बाहेर सरकत गेलेला. म्हणजे रेस लवकर आणि जास्त, किंवा स्वार सीटवर मागे बसलेला. तुमची खूण ही असेल तर पुढचा ब्रेकचा भाग वरवर वाचा आणि बसण्याच्या जागेवर जास्त वेळ द्या.

ब्रेक कसा सोडायचा

ब्रेक उभ्याने लावायचा. कंबर मागे, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरलेली, हातावर शरीराचा भार नाही. पुढच्या ब्रेकवर एकच बोट, तर्जनी. बाकीची तीन बोटं आणि अंगठा रेसच्या मुठीसाठी मोकळे हवेत, कारण खरी कसरत ब्रेक सोडता सोडता त्याच हाताने रेस देण्याची आहे. चार बोटांनी ब्रेक धरणाऱ्याला हे जमूच शकत नाही: आधी बोटं उघडणार, मग मूठ पकडणार, मग फिरवणार. फट तिथेच जन्माला येते.

पहिला दाब जोरात, मग वळण जवळ येईल तसा दाब कमी करत न्यायचा. लिंबू पिळून झाल्यावर मूठ हळूहळू सैल करतो ना, तसा. गाडी झुकायला लागते तेव्हा ब्रेकचा शेवटचा थोडा अंश अजून लागलेला असावा आणि तो संपता संपता रेसची मूठ किंचित फिरायला लागलेली असावी. क्लच एका बोटावर अर्धवट दाबून ठेवा. त्यामुळे इंजिन बंद पडत नाही आणि रेस लागताना चेनचा झटका बसत नाही.

वेग जास्त झाला म्हणून फट पडते असं नेहमीच नसतं. खूपदा ब्रेक फार लवकर लागतो. वीस मीटर आधीच वेग उतरवून ठेवला की वळणापर्यंत घरंगळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ब्रेक थोडा उशिरा आणि जास्त ठाम लावल्याने फट आपोआप लहान होते. वेग वाढवायची हिंमत करण्यापेक्षा ब्रेकची जागा दोन मीटर पुढे ढकलणं सोपं आणि कमी धोक्याचं आहे.

इथे गाडीतल्या दोन गोष्टी आड येतात आणि त्या कुणी तपासत नाही. एक, रेसच्या केबलचा ढिलेपणा. मुठीवर मोजला तर तो ३ ते ५ मिलिमीटर असावा. दहा मिलिमीटर असेल तर मूठ फिरवूनही इंजिनपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे फट गाडीतच बसवलेली आहे. दोन, आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालतं तो. फार खाली ठेवलेला असेल तर रेस सोडल्यावर इंजिन मागचं चाक ओढून धरतं, गाडी हुचके देते, आणि बंद पडेल या भीतीने स्वार क्लच पूर्ण दाबून टाकतो. क्लच पूर्ण दाबला म्हणजे चाकाला ढकलणारं कुणीच नाही. फोर स्ट्रोक गाडीवर आयडल किंचित वर घेऊन बघा.

बसायचं कुठे, आणि कधी

जागा ठरलेली आहे: सीट जिथे टाकीला मिळते तिथे. नवखा स्वार सीटच्या खोलगट भागात बसतो, कारण ती जागा आरामाची आहे. तिथे बसलं की भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचं चाक नुसतं दिशा दाखवायला उरतं. एक हातभर पुढे सरकल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही टायरने पडत नाही.

वेळही महत्त्वाची. ब्रेक चालू असतानाच बसलात तर आपटत बसता, मागचा शॉक दबतो आणि पुढचं चाक उचलतं. ब्रेक सुटून गेल्यावर बसलात तर फटीत आणखी एक धक्का घातला. शेवटचा अंश सुटतोय आणि गाडी झुकायला लागली आहे, तेव्हा बुड अलगद सीटच्या टोकावर टेकवा. स्टीफन एव्हर्ट्स हा दहा वेळचा विश्वविजेता अनेक वळणं उभ्यानेच काढायचा हे खरं आहे, पण त्यासाठी लागणारा तोल आणि रेसवरचा ताबा यायला वर्षं जातात. सपाट मुरमावर ती नक्कल आत्ता नको.

सपाट वळणात गाडी तुमच्याखाली झुकते, तुम्ही गाडीबरोबर झुकत नाही. धड जवळपास उभं, गाडी आतल्या बाजूला लोटलेली. बाहेरचा कोपर वर. बाहेरच्या पायाच्या चवड्याने पेग (पाय ठेवायची दांडी) असा दाबायचा की त्या मांडीला जळजळ व्हावी. वळण संपल्यावर बाहेरची मांडी थकलेली नसेल तर भार सीटवरच होता असं समजा. हा दाब टायरच्या बाजूच्या बटणांना मातीत खुपसतो. रस्त्यावरच्या रेसिंगसारखं आत लटकलं की उलटं होतं.

आतला पाय पुढच्या फोर्कच्या रेषेत, गुडघा किंचित वाकलेला, बोटं वर. जमिनीपासून थोडा वर तरंगता. पाय टेकवून तोल सावरायची सवय असेल तर ती मोडायलाच हवी: बूट एक्सलच्या मागे जमिनीत अडकला तर गाडी पुढे जाते आणि गुडघा मागे राहतो. लिगामेंट फाटण्याच्या कित्येक घटना अशाच असतात. नी ब्रेसने धोका कमी होतो, जात नाही.

नजर. पुढच्या मडगार्डकडे बघत वळणारा स्वार कधीच वेळेवर रेस देत नाही, कारण आपण कुठे चाललोय हेच त्याला दिसत नसतं. ब्रेक सुटायच्या आधी नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर गेली पाहिजे. हनुवटी तिकडे वळवा, डोळे मागोमाग जातात.

डावीकडे ठीक, उजवीकडे पडतो

ही तक्रार इतकी सर्रास आहे की तिला वेगळा मथळा हवाच. डाव्या वळणात डावा पाय बाहेर असतो, उजवा पेगवर. म्हणजे गाडी झुकल्यावरही मागचा ब्रेक हाताशी, खरं तर पायाशी असतो. थोडा वेग जास्त असला तरी मागच्या ब्रेकने नाक खाली धरून ठेवता येतं आणि फट झाकली जाते. उजव्या वळणात उजवा पाय बाहेर काढला की मागचा ब्रेक गेला.

उपाय दोन. पाय उशिरा काढा: उजव्या वळणात उजवा पाय पेगवरून शक्य तितक्या शेवटी उचलायचा, तोवर मागचा ब्रेक चालू. आणि उजव्या वळणापुरती ब्रेकची जागा एक-दीड मीटर अलीकडे घ्या.

दुसरं कारण मनगटाचं. उजवीकडे वळताना रेसचा हात शरीराजवळ येतो, कोपर खाली पडतं आणि मनगट दुमडल्यामुळे रेस नको तेव्हा उघडते किंवा हवी तेव्हा उघडत नाही. सरळ पट्ट्यातच मूठ वरून धरायची, दाराची गोल मूठ धरतो तशी, म्हणजे कोपर खाली आलं तरी फिरवायला जागा उरते. ब्रेकचं लिव्हर या पकडीला सोयीचं हवं, फार वर तोंड केलेलं नको. लिव्हरचा क्लॅम्प जरा आत सरकवला की तर्जनी लिव्हरच्या टोकावर येते आणि कमी जोरात ब्रेक लागतो.

मग गाडी

तंत्र सुधारूनही खूण तीच राहत असेल तर गाडी बघा. पण एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच वळणाच्या चार-पाच फेऱ्या. सकाळी टँकरने पाणी मारलेला ट्रॅक आणि दुपारी बाराचा ट्रॅक यांची तुलना करू नका.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आधी. गाडी स्टँडवर, पुढचं चाक हवेत. फोर्कचे खालचे टोक धरून पुढे-मागे ओढा. टकटक जाणवली तर सैल आहे. मग हँडल मधोमध आणून हलकं सोडा: ते दोन्ही बाजूंना एकसारखं, कुठे न अडकता पडलं पाहिजे. मध्ये ‘खाच’ जाणवली तर बेअरिंग गेलं, घट्ट करून उपयोग नाही.

मग हवा. मोटोक्रॉस गाडीला १२ ते १४ पीएसआय ही नेहमीची मर्यादा. कडक, खडेरी मुरमावर १३-१४, ओल्या काळ्या मातीत १२. पेट्रोल पंपावरच्या मीटरचा इथे उपयोग नाही, त्याला एवढ्या खालचं नीट कळत नाही. शून्य ते ३० पीएसआयचा स्वतःचा गेज ठेवा. आणि वेळ लक्षात घ्या: सकाळी १८ अंशांत १३ भरली आणि दुपारी टायर ३८ अंशांवर गेला तर निव्वळ तापमानाने जवळपास २ पीएसआय वाढतात. ‘सकाळी गाडी मस्त होती, जेवणानंतर सटकायला लागली’ यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. शर्यतीच्या आधी पुन्हा मोजा.

टायरवर मधली बटणं बघून ‘अजून आहे की’ म्हणू नका. सपाट वळणात काम करतात ती बाजूची. बाजूच्या बटणाची कड नखाला टोचली पाहिजे. गोल झाली असेल तर टायर नवा दिसूनही वळणात गेलेला आहे. जात चुकीची असेल तरी हेच होतं: डनलॉपचा एमएक्स ३३ मऊ ते मध्यम मातीसाठी, एमएक्स ५३ मध्यम ते कडक. कडक मुरमावर उंच, विरळ बटणं वाकतात आणि मग सुटतात, ते सटकणं फार अचानक असतं.

आता सॅग. इथे आपल्याकडे एक खास अडचण आहे. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांची कंपनीची स्प्रिंग साधारण ७५ ते ८५ किलोच्या स्वाराला धरून असते आणि इथला पोरगा ५८ किलोचा. मोजायची पद्धत: मागचं चाक हवेत असताना एक्सलच्या मध्यापासून बरोबर वर, मागच्या मडगार्डवर मार्करने खूण करून अंतर घ्या. समजा ६०० मिलिमीटर आलं. गाडी जमिनीवर, स्वार नाही: ५६५. म्हणजे स्टॅटिक सॅग ३५. मग हेल्मेट-बुटांसकट सगळा पोशाख घालून स्वार त्याच्या नेहमीच्या जागी बसला: ४९७. म्हणजे रेस सॅग १०३. मोठ्या गाडीवर रेस सॅग १०० ते १०५ आणि स्टॅटिक ३० ते ४० च्या आसपास हवा. रेस सॅग ११५ असेल तर मागचा भाग बसलेला, नाक वर, आणि पुढचं चाक फट नसतानाही हलकं. रेस सॅग बरोबर आणून स्टॅटिक ५० च्या पुढे जात असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. स्प्रिंगवरची ताण कमी-जास्त करायची रिंग फिरवत बसू नका, स्प्रिंग बदला.

फोर्कवर शेवटी या. ब्रेक सोडल्यावर नाक उसळी मारून वर येत असेल तर रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्यावरचा ताबा) फार मोकळा आहे. दोन क्लिक बंद करा. पण आधी स्क्रू घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करून मूळ क्लिक मोजून लिहून ठेवा. उलट बाजूने, ब्रेक लावूनही नाक खाली जातच नसेल तर कम्प्रेशन (फोर्क दबण्यावरचा ताबा) दोन क्लिक उघडा. हवेवर चालणाऱ्या फोर्कमध्ये हवा चाक अधांतरी आणि फोर्क थंड असतानाच तपासायची. फोर्क टीमधून (फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पमधून) वर सरकवणं हा शेवटचा उपाय, एका वेळी २ मिलिमीटर, एकूण ५ च्या आत. वळणात गाडी आत येईल, पण वेगात सरळ पट्ट्यावर हँडल थरथरायला लागलं तर मागे घ्या.

एक्सपल्सवर शिकत असाल तर

महाराष्ट्रात कितीतरी जणांची सुरुवात हिरो एक्सपल्स २०० वर होते, आणि ते चांगलंच आहे. पण वरचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका. मोटोक्रॉस गाडी १०० किलोच्या आसपास, एक्सपल्स दीडशेच्या वर. त्यामुळे हवा १२ वर आणली तर पहिल्याच दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर. १६ ते २० मध्ये राहा. सॅग चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के धरा: मागे २२० मिलिमीटर हालचालीच्या प्रो मॉडेलला ६५ ते ७०. एबीएसचे मोड असलेल्या गाडीवर ट्रॅकवर रॅली मोड लावा, नाहीतर ब्रेक तुमच्याऐवजी गाडीच सोडेल आणि सरावाचा मुद्दाच निघून जाईल. सीट-टाकीचा आकार पुढे सरकू देत नाही ही तक्रार खरी आहे. जेवढं सरकता येईल तेवढं सरका, बाकीचं बाहेरच्या पेगवर भरून काढा.

पावसानंतर: चाकोरीत गाडी बाहेर का चढते

काळ्या मातीत पाऊस झाला की वळणात रट पडतात, कधी एक्सल घासेल इतके खोल. बैलगाडीची चाकोरी आठवा. चाक एकदा आत गेलं की भिंतींशी भांडायचं नसतं. गाडी चढून बाहेर येते ती जवळजवळ नेहमी मधेच रेस सोडल्यामुळे. रेस सुटली, नाक उठलं, चाक भिंतीवर चढलं. पुन्हा तीच फट, फक्त इथे घसरण्याऐवजी गाडी उभी राहते. ब्रेक रटच्या तोंडाआधी संपवा, शिरतानाच एक ठरावीक रेस लावा आणि बाहेर पडेपर्यंत हलवू नका. इथे धड गाडीच्या रेषेतच झुकतं, सपाट वळणासारखं उभं नाही. आतला पाय आणखी वर घ्या. रटच्या भिंतीत बूट अडकला तर पेगखाली जातो.

सराव

कुठलंही सपाट मोकळं रान, पाण्याचे दोन रिकामे कॅन आणि पिशवीभर फक्की पुरते. दोघांनी जा. एकट्याने सराव करू नका.

१. कॅन २० मीटर अंतरावर ठेवा. पहिली पाच मिनिटं ब्रेक मुळीच न लावता, दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर लंबगोल फिरा. वेग अगदी कमी. स्थिर रेसवर पुढचं चाक किती धरून ठेवतं हे हाताला कळणं एवढाच हेतू.

२. आता वळणाआधी फक्कीच्या दोन रेघा मारा: पहिली ब्रेक सुरू करायची, दुसरी रेस सुरू करायची. पहिल्यांदा त्यांच्यात आठ मीटर ठेवा. दुसऱ्या रेघेवर ब्रेकचा शेवटचा अंश सुटून मूठ फिरायलाच हवी, वेग कितीही कमी झालेला असो.

३. पाच फेऱ्या सलग जमल्या की पहिली रेघ अर्धा मीटर वळणाकडे सरकवा. दुसरी जागची हलवायची नाही. जमलं नाही तर मागे घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

४. दर दहा फेऱ्यांनी स्लो मोशन शूटिंग, फ्रेम मोजायच्या, आकडा फोनवर लिहायचा. थकल्यावर आकडा आधी वाढतो आणि कोपर मागाहून खाली येतं. आकडा दहाने वाढला की त्या दिवसाचा सराव बंद.

सगळं डावीकडून बसलं की कॅन तसेच ठेवून उलट्या दिशेने फिरा. उजवीकडचा आकडा सुरुवातीला डावीकडच्या दीडपट येईल, म्हणून पहिली रेघ तेव्हा दीड मीटर अलीकडून सुरू करा.